निवृत्तीची पुंजी आणि चिठ्ठ्यांचे दोन डबे

हे प्रकरण पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं आहे आणि त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. सोसायटी किंवा बिल्डर ओळखू येऊ नये म्हणून भागांची नावं दिलेली नाहीत आणि रकमा जवळच्या गोल आकड्यांत आणल्या आहेत. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि बाई आमच्या शेजारच्या इमारतीत राहतात. विद्यार्थी त्यांना बाई म्हणायचे, म्हणून आम्ही सगळेच बाई म्हणतो.

पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवून बाई मे २०२४ मध्ये वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झाल्या. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि पेन्शनचं अंशराशीकरण (पेन्शनच्या एका भागाऐवजी एकदम मिळणारी रक्कम) मिळून सुमारे ४२ लाख रुपये ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यात आले. आधीची १० लाखांची ठेव होती. म्हणजे एकूण ५२ लाख. दरमहा पेन्शन ३८,००० रुपये. राहतं घर स्वतःचं आणि कर्जमुक्त. यजमान खासगी नोकरीतून आधीच निवृत्त झालेले, त्यांना पेन्शन नाही. मुलगी लग्न होऊन बंगळूरला आहे.

आयुष्यात एवढी रक्कम एकदम कधी पाहिली नव्हती, असं बाई म्हणाल्या. त्या रात्री झोप लागली नाही, ती आनंदाने नव्हे, धास्तीने.

अडचण

धाकट्या दिरांचा आग्रह होता की दुसरा फ्लॅट घ्यावा आणि भाड्याने द्यावा. "वहिनी, पैसा बँकेत सडतो. जागेचा भाव कधी खाली येत नाही," हे त्यांचं म्हणणं. त्यांनीच एजंट आणला. एजंटने एक तक्ता दाखवला. त्यात लिहिलं होतं, या भागात दरवर्षी १२ टक्के वाढ. दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि त्याआधी एक लाख टोकन द्यायचं, म्हणजे आत्ताचा भाव पक्का, असं ठरत आलं होतं.

दुसरीकडे पोस्टातल्या ओळखीच्या माणसाने बाईंना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेबद्दल सांगितलं. ती साठीनंतरची योजना, पण सेवानिवृत्त झालेल्यांना ५५ वर्षांनंतरही खातं उघडता येतं. मुख्य अट: निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. मर्यादा ३० लाख, व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला खात्यात जमा. बाईंच्या बाबतीत ही मुदत नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपत होती.

म्हणजे एका बाजूला एजंटची दसऱ्याची मुदत आणि दुसऱ्या बाजूला सरकारी नियमाची. दुसरी खरी होती, पहिली नव्हती. पण सप्टेंबरमध्ये बाई माझ्याकडे आल्या तेव्हा दोन्ही त्यांना सारख्याच वजनाच्या वाटत होत्या. त्यांचा प्रश्न साधा होता: "सर, ते १२ टक्के खरे आहेत का, एवढंच सांगा."

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, महापालिकेत २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांपैकी एका गावातला बांधकाम चालू असलेला टू बीएचके. कार्पेट (भिंतींच्या आतलं प्रत्यक्ष वापराचं क्षेत्र) ६५० चौरस फूट, दर ९,५०० रुपये, ताबा डिसेंबर २०२७. जीएसटी, मुद्रांक शुल्क, नोंदणी धरून ६८ ते ६९ लाख. म्हणजे १७ लाखांचं कर्ज. दहा वर्षांसाठी ९ टक्क्यांनी हप्ता सुमारे २१,५०० रुपये. पेन्शनच्या निम्म्याहून जास्त, आणि भाडं मात्र तीन वर्षं शून्य. मी बाईंना इथेच सांगितलं की या पर्यायासाठी संख्याशास्त्राची गरजच नाही. तरी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याच बिल्डरचे आधीचे चार प्रकल्प काढून पाहिले. त्यातल्या तिघांची पूर्णत्वाची तारीख पुढे ढकललेली होती, १२ ते ३० महिन्यांनी. आसपासच्या पाच प्रकल्पांत मिळून सुमारे २,१०० घरं होती आणि त्यातली ९०० अजून बुक झालेली नव्हती. त्यांतली बरीच एकाच सुमाराला भाड्याच्या बाजारात येण्याची शक्यता होती.

दुसरा पर्याय, वनाझ-रामवाडी मेट्रो मार्गाजवळच्या १८ वर्षं जुन्या इमारतीतला वन बीएचके. कार्पेट ४३० चौरस फूट. मागणी ४५ लाख, एजंटच्या मते भाडं १७,००० सहज. हा मात्र विचार करण्याजोगा होता.

तिसरा, फ्लॅट घ्यायचाच नाही. ३० लाख पोस्टात, बाकी बँकेत ठेव.

बारा टक्के कुठून आले

एजंटचा हिशेब असा होता: पहिल्या पर्यायातल्याच प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याचा २०१४ मधला दर ४,४०० रुपये, २०२४ मध्ये ९,५००. वाढ ११६ टक्के, भागिले दहा वर्षं, म्हणजे जवळजवळ १२ टक्के. आकडे खोटे नव्हते. पण त्यांत तीन गोष्टी दडल्या होत्या आणि त्या एकेक करून उलगडताना मला हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं.

पहिली गोष्ट चक्रवाढीची. दहा वर्षांत ११६ टक्के म्हणजे दरवर्षी ११.६ नव्हे. बँकेचं व्याज जसं व्याजावर चढतं तसंच हे मोजायला हवं. तसं मोजलं की दर वर्षाला ८ टक्के निघतो. ठेवीच्या ८.२ शी तुलना करायची तर हाच आकडा समोर ठेवला पाहिजे, ११.६ नव्हे.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची, आणि ही सगळ्यात मोठी. २०१४ मध्ये दर सांगितला जायचा तो सेलेबल क्षेत्रावर. जिना, लॉबी, लिफ्ट असं सगळं त्यात धरलेलं असायचं. रेरा कायदा आल्यावर दर कार्पेटवर सांगायला सुरुवात झाली. म्हणजे ४,४०० आणि ९,५०० हे दोन वेगवेगळ्या मापांचे दर होते, जसं एक दर शेरावर आणि दुसरा किलोवर. पहिल्या टप्प्यात राहणाऱ्या बाईंच्या एका सहकारी शिक्षिकेने आपला २०१४ चा करारनामा दाखवला: सेलेबल १,०५० चौरस फूट, कार्पेट ७७८. म्हणजे कार्पेटवर ३५ टक्के जास्तीचं क्षेत्र, यालाच लोडिंग म्हणतात. जुना दर कार्पेटवर आणला तर ५,९४० रुपये होतो. आता वार्षिक वाढ उरली ४.८ टक्के.

तिसरी गोष्ट, ९,५०० हा मागितलेला दर होता, दिलेला नव्हे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्याच प्रकल्पाचे २०२४ मधले नोंदलेले करारनामे पाहिले तर मध्यक दर (सगळे दर क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) ८,७०० निघाला. वाढ आली ३.९ टक्क्यांवर.

बाईंनी हे चार आकडे वहीत एकाखाली एक लिहिले: ११.६, ८.०, ४.८, ३.९. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. एजंटने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यालाही वरून तसाच तक्ता मिळाला असणार. पण या चार ओळी घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक माणसाने एकदा स्वतःच्या हाताने लिहून पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं. कॅल्क्युलेटर आणि एक जुना करारनामा एवढंच त्याला लागतं.

आकडे कसे जमवले

आता प्रश्न दुसऱ्या पर्यायाचा, जुन्या इमारतीतल्या वन बीएचकेचा. शहराचा निर्देशांक उपलब्ध आहे. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा रेसिडेक्स पुण्यासाठीही निघतो, त्यात बँकांच्या मूल्यांकनावरची एक मालिका असते आणि बांधकामाधीन घरांच्या भावांची दुसरी. पण तो अख्ख्या शहराचा. बाईंना एका गल्लीतला एक फ्लॅट घ्यायचा होता.

म्हणून इंडेक्स-२ कडे, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सरकारी गोषवाऱ्याकडे, वळलो. ई-सर्चवर वर्ष, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या मिळकतीचे नोंदलेले दस्त दिसतात. मोबदला किती, सरकारी तक्त्याप्रमाणे बाजारभाव किती, क्षेत्रफळ, मुद्रांक शुल्क, तारीख, सगळं. संकेतस्थळ सावकाश चालतं, दर वेळी कोड टाकावा लागतो. बाईंची भाची अभियांत्रिकीला आहे. ती, बाई आणि मी, तिघांनी मिळून तीन रविवार हे काम केलं. बाईंचं अक्षर सुंदर, पण त्यांनी एक्सेलसुद्धा त्याच काळात शिकून घेतलं.

त्या भागातल्या काही इमारतींच्या ९४ नोंदी मिळाल्या. त्यातून गहाणखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं काढली, कारण त्यांतला आकडा बाजारातला भाव नसतो. एकच दस्त दोनदा आलेला काढला. काही जुन्या दस्तांत बिल्टअप (भिंती धरून मोजलेलं) क्षेत्र होतं, काहींत कार्पेट. काही चौरस मीटरमध्ये, काही फुटांत. सगळं कार्पेट चौरस फुटांवर आणलं. उरल्या ६१ नोंदी. सरासरी दर निघाला १०,१५० रुपये आणि मध्यक ९,४८०. फरक पडला तो मोठ्या गच्चीच्या दोन फ्लॅटमुळे. आपला फ्लॅट गच्चीचा नाही, म्हणून मध्यकच धरायचा, यावर चर्चाही करावी लागली नाही.

चर्चा करावी लागली ती वेगळ्याच गोष्टीवर. ६१ पैकी १७ नोंदींत मोबदला सरकारी बाजारभावाला अगदी चिकटून होता, २ टक्क्यांच्या आत. बाजारातला खरा सौदा रेडीरेकनरच्या, म्हणजे त्या सरकारी तक्त्याच्या, दराला इतक्या वेळा नेमका जुळेल हे संभवत नाही. काही सौद्यांत रोख रक्कम दस्ताबाहेर गेली असावी, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी लिहीत नाही. या १७ नोंदी ठेवायच्या की काढायच्या? भाचीचं मत काढा. माझं मत, आपल्याला नको ती नोंद काढायची सवय एकदा लागली की हवं ते उत्तर काढता येतं. शेवटी दोन्ही प्रकारे मोजलं. सगळ्या धरून मध्यक ९,४८०, त्या १७ काढून ९,७२०. म्हणजे आपल्या ४३० फुटांच्या फ्लॅटची किंमत ४०.८ ते ४१.८ लाखांच्या दरम्यान. निर्णय बदलावा इतका फरक नव्हता. आम्ही ४१.५ लाख धरले. मागणी ४५ ची होती.

वाढीचा दर काढायला आम्ही फक्त असे फ्लॅट घेतले, जे याच काही इमारतींमध्ये दोनदा विकले गेले होते. तोच फ्लॅट, तेच क्षेत्रफळ, फक्त वर्षं वेगळी. म्हणजे २०१० मध्ये लहान फ्लॅट विकले गेले आणि २०२३ मध्ये मोठे, असली गल्लत होत नाही. अशा ११ जोड्या सापडल्या. वार्षिक वाढ लहानापासून मोठ्यापर्यंत: १.१, १.६, २.०, ३.२, ३.९, ४.३, ४.८, ५.१, ५.९, ७.३ आणि ७.६ टक्के. मधला आकडा ४.३. अकरापैकी एकही १२ च्या जवळ नाही.

यातही खोट आहे, तीही सांगतो. ११ हा आकडा लहान आहे. एका जोडीतला सौदा सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधला, जेव्हा राज्य सरकारने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं होतं आणि तेव्हाचे भाव त्या सवलतीने थोडे हललेले असू शकतात. मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला. तिच्यामुळे भाव किती चढला हे एजंट छातीठोकपणे सांगत होता. आमच्या ११ जोड्यांतून ते सांगता येत नव्हतं आणि आम्ही तसा प्रयत्न केला नाही.

भाड्याचे आकडे नोंदलेल्या लिव्ह अँड लायसन्स (भाड्याच्या) करारांतून घेतले. वन बीएचकेचं मध्यक भाडं १४,५०० रुपये, एजंटच्या १७,००० पेक्षा अडीच हजारांनी कमी. फ्लॅट रिकामा किती काळ राहतो हे मात्र कुठल्याही सरकारी नोंदीत सापडत नाही. ते सोसायटीच्या रजिस्टरमधून काढलं, कारण तिथे भाडेकरू आला-गेला की तारीख लिहिली जाते. भाड्याने दिलेले २३ फ्लॅट, तीन वर्षं. सरासरी वर्षाला १.१ महिना रिकामा. पण ही सरासरी फसवी होती. १५ फ्लॅट एक दिवसही रिकामे नव्हते, आठ बराच काळ होते आणि त्या आठांतला एक सलग १४ महिने.

चिठ्ठ्यांचे दोन डबे

हिशेब मांडला. फ्लॅट ४१.५ लाख, एकट्या महिलेच्या नावावर एक टक्का सवलत धरून ६ टक्के मुद्रांक शुल्क, ३०,००० नोंदणी, एक टक्का दलाली, एक लाख डागडुजी. एकूण ४५.७ लाख. भाडं १०.९ महिने, त्यातून मेंटेनन्स, मिळकतकर, दलाली, दुरुस्ती वजा जाता हाती वर्षाला सुमारे १ लाख ८ हजार. गुंतवलेल्या रकमेवर २.४ टक्के. तीच रक्कम पोस्टात आणि सव्वासात टक्क्यांच्या ठेवीत ठेवली तर वर्षाला ३ लाख ६० हजार.

बाई म्हणाल्या, "पण सर, फ्लॅटची किंमत वाढेल ना? सरासरी ४.३ ने?"

इथे मला जाणवलं की मी त्यांना चुकीची सवय लावतो आहे. सरासरी कुणाला मिळते? जो असे शंभर फ्लॅट घेईल त्याला. बाईंना एकच घ्यायचा होता. त्यांच्या वाट्याला ४.३ येणार नव्हते. त्या ११ पैकी कुठलातरी एक आकडा येणार होता, आणि कोणता ते आधी कळणार नव्हतं.

हे सांगायला त्यांचाच मार्ग घेतला. पहिली-दुसरीच्या वर्गात बाई गणित शिकवायच्या ते बिया, काड्या आणि चिठ्ठ्यांनी. आम्ही ११ वाढदर ११ चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाकले. दुसऱ्या डब्यात २३ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एकेका फ्लॅटचे रिकामे महिने. दोन्ही डब्यांतून एकेक चिठ्ठी काढायची, पाच वर्षांनी फ्लॅट विकला तर एकूण हातात किती येतं ते भाची मोबाइलवर मोजायची, चिठ्ठ्या परत टाकायच्या, डबा हलवायचा. असं ५० वेळा. संध्याकाळभर जेवणाच्या टेबलावर हे चाललं. यजमानही येऊन बसले आणि चिठ्ठ्या काढू लागले.

५० पैकी ४२ वेळा ठेव पुढे राहिली, आठ वेळा फ्लॅट. १३ वेळा फ्लॅट विकून आलेली रक्कम मूळ ४५.७ लाखांपेक्षाही कमी होती. एकदा १४ रिकाम्या महिन्यांची चिठ्ठी आणि १.१ ची चिठ्ठी एकदम निघाली. बाईंनी ती दोन्ही हातांत धरून विचारलं, "हे माझ्या बाबतीत होऊ शकतं?" मी म्हटलं, होऊ शकतं. मला वाटतं निर्णय त्या क्षणी झाला. तक्त्यातली १.१ ही ओळ त्यांनी आधी दहा वेळा पाहिली होती. हातात धरल्यावर ती कळली.

विक्रेत्याने किंमत किती उतरवली तर फ्लॅट आणि ठेव बरोबरीत येतील, हेही काढलं. मधला वाढदर घेतलेल्या किमतीवर धरून पाच वर्षांच्या मुदतीत उत्तर २० लाखांच्या खाली गेलं. ४५ मागणाऱ्याला असा प्रस्ताव द्यायचा प्रश्नच नव्हता.

दिरांशी बोलणं

हा भाग आकड्यांपेक्षा अवघड गेला. दिरांचा राग खरा होता. त्यांना वाटलं, आपल्यावर अविश्वास दाखवला. त्यांनी १९९८ मध्ये घेतलेल्या प्लॉटचं उदाहरण दिलं, तो वीस पटींनी वाढला होता. ते खरंच होतं.

बाईंनी त्यांना प्रेमाने विचारलं, "भाऊजी, आपल्या घरात आजवर जागा कुणीकुणी घेतल्या, सगळ्या आठवून सांगता?" चार निघाल्या. एक हा वीसपट झालेला. एक सातबाऱ्यावरच्या वादात वीस वर्षं अडकलेला. एक बिनशेती न झालेला, गिऱ्हाईक मिळत नाही असा. एक चुलत्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी घेतल्या किमतीला विकलेला. घरातल्या प्रत्येक लग्नात आणि बारशात गोष्ट निघते ती पहिल्या प्लॉटचीच. उरलेल्या तिघांची कुणी काढत नाही. दीर गप्प झाले, पटलं असं त्या दिवशी म्हणाले नाहीत.

काय केलं

दसऱ्याला टोकन दिलं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दिवाळी झाल्यावर, ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. बँकेत मिळून १५ लाखांच्या तीन ठेवी केल्या, वेगवेगळ्या मुदतीच्या. सात लाख बचत खात्यात, केव्हाही काढता येतील असे. पोस्टातून दर तिमाहीला ६१,५०० रुपये येऊ लागले.

पुढे काय झालं

फेब्रुवारी २०२५ मध्ये यजमानांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करावी लागली. विमा नव्हता. साडेपाच लाख खर्च आला आणि तो बचत खात्यातून एका दिवसात भरता आला. फ्लॅट घेतला असता तर हातात सहा लाखांच्या आसपास उरले असते, म्हणजे खर्च तरीही भागला असता, पण त्यानंतर फारसं काही उरलं नसतं.

तो वन बीएचके जुलै २०२५ मध्ये विकला गेला. बाईंनी स्वतः इंडेक्स-२ शोधून मला दाखवला: मोबदला ४०.६ लाख. सप्टेंबर २०२४ पासून तो विकायला होता, म्हणजे दहा महिने लागले. आमचा अंदाज ४१.५ चा होता. अंदाज जवळ आला याचं समाधान वाटलं, पण दहा महिन्यांचा आकडा पाहून मी जास्त विचारात पडलो. विकायला किती वेळ लागेल याची चिठ्ठी आमच्या कुठल्याच डब्यात नव्हती.

बिल्डरच्या नव्या प्रकल्पाची तारीख महारेरावर अजून बदललेली नाही. तिथे माझी शंका खरी ठरली असं म्हणता येणार नाही.

आता पुन्हा करायचं तर

माझी सगळ्यात मोठी चूक मुदतीची. पोस्टाची योजना पाच वर्षांची, म्हणून मी हिशेबही पाच वर्षांचा धरला. बाईंना विचारलंच नाही. पाच वर्षांत मुद्रांक शुल्क आणि दलालीचं ओझं फ्लॅटवर फार जड पडतं. हाच हिशेब मी २०२५ च्या पावसाळ्यात १५ वर्षांसाठी केला: भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतं, किंमत ४.३ ने, ठेवीचं व्याज दरवर्षी खर्च होतं. तेव्हा दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या, दोन्हीकडे १०० लाखांच्या आसपास. आणि त्यात ठेवीचा दर पंधरा वर्षं आहे तसाच राहील असं धरलं होतं, जे धरायला काही आधार नाही. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर उतरला आणि बँकांचे ठेवींचे दर खाली आलेच. ५८ वर्षांच्या बाईंना अजून पंचवीस-तीस वर्षं काढायची आहेत. महागाईबरोबर वाढणारी एखादी मिळकत त्यांना हवी असू शकते, हा मुद्दा मी नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडायला हवा होता.

मी हे सगळं बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, त्र्याहत्तराव्या वर्षी मी भाडेकरू शोधत फिरू का?" या प्रश्नाचं उत्तर माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. पहिल्याच दिवशी हाच प्रश्न मी त्यांना विचारायला हवा होता: घर कशासाठी हवं आहे, आणि ते सांभाळणार कोण? तो विचारला असता तर कदाचित तीन रविवार वाचले असते.

दुसरी चूक, करांचा हिशेब मी बाजूला ठेवला. भाड्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, व्याजावर मिळत नाही. फ्लॅट विकल्यावर दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. बाईंचं उत्पन्न कमी असल्याने फरक थोडाच पडला असता, पण दुसऱ्या कुणासाठी तो मोठा असेल.

तिसरी गोष्ट रिकाम्या महिन्यांची. ते रजिस्टर ज्या सोसायटीचं होतं तिथे नोंदी नीट ठेवल्या जातात, म्हणजे ती चांगली चाललेली सोसायटी. शेजारच्या दोन सोसायट्यांनी रजिस्टर दाखवलं नाही. त्यांचे आकडे बहुधा याहून वाईट असते. मी आग्रह धरायला हवा होता, किंवा निदान दोन चिठ्ठ्या जास्त महिन्यांच्या टाकून पाहायला हवं होतं.

सध्या

बाईंनी एक्सेल बंद केलेली नाही. दर तीन महिन्यांनी त्या त्याच इमारतींच्या नव्या नोंदी काढतात. जोड्या आता १६ झाल्या आहेत. डबे त्यांनी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवले आहेत, चिठ्ठ्यांसकट.

गेल्या महिन्यात दीर आले होते. त्यांच्या मुलाला पिंपरी-चिंचवडमध्ये राहायला फ्लॅट घ्यायचा आहे. भाड्यासाठी नव्हे, राहायला. तरी त्यांनी विचारलं, "वहिनी, तो डबा आमच्या भागाचा करून मिळेल का?" आतापर्यंत त्या भागातल्या चारच जोड्या सापडल्या आहेत. चारच चिठ्ठ्यांवर डबा हलवायला बाई तयार नाहीत. भाची दिवाळीच्या सुट्टीत येणार आहे, तेव्हा तिघी-चौघं मिळून उरलेले मिळकत क्रमांक शोधायचे ठरले आहे.